घोट्याइतक्या उंचीचा निसर्ग

सातारा शहराच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर, कास नावाचे एक पठार आणि त्याच नावाचा एक लहानसा तलाव असून, या दोहोंपैकी पठार पाहण्यासाठी भाद्रपदात अर्धे पुणे लोटते आणि तलाव मात्र पुढच्या वळणापलीकडे कोणाचीही वाट न पाहता पडून असतो. प्रवासवर्णनाच्या शास्त्रात स्थळापेक्षा प्रवाशाचा अभ्यास अधिक फलदायी ठरतो, हे मान्य केले, तर या अभ्यासाला कासइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही. कारण येथे पाहण्याजोगी जवळजवळ प्रत्येक गोष्ट घोट्याच्या खाली उगवते आणि पाहायला आलेल्याचे डोळे जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असतात. मधल्या पाच फुटांत जे काही घडते, त्यालाच कासची सहल म्हणतात.

साताऱ्याच्या समर्थ मंदिराच्या चौकातून निघालेला रस्ता यवतेश्वरचा घाट चढून एका लांबलचक धारेवर येतो आणि पुढे त्या धारेनेच पश्चिमेकडे चालत राहतो. धार म्हणजे डोंगराचा असा अरुंद माथा, की ज्याच्या दोन्ही अंगांना उतार असतो. जाताना उजव्या हाताला खोल दरीत कण्हेर धरणाचे पाणी आणि डाव्या हाताला उरमोडी धरणाचे पाणी दिसते, आणि गाडीत बसल्या बसल्या दोन खोरी पाहण्याचा असा योग सहसा येत नाही. बहुतेक कुटुंबे तो वाया घालवतात, याचे कारण गाडी लागणे हे होय. गाडी लागणे म्हणजे वळणावळणाच्या रस्त्यावर प्रवाशाने एक आणि त्याच्या पोटाने दुसरी दिशा धरणे. या विकारावर आवळासुपारी चघळणे, आल्याची वडी खाणे, लिंबू हुंगणे आणि चालकाशेजारच्या जागेवर हक्क सांगणे असे चार उपाय प्रचलित असून, त्यांपैकी शेवटचाच गुणकारी असल्यामुळे घाटाच्या पहिल्याच वळणावर घरात फूट पडते. धारेवर पोहोचेपर्यंत धाकटा मुलगा पिशवीत तोंड घालून बसलेला असतो, आत्या त्याची पाठ चोळत असते, आणि ‘ते बघा, धरण!’ असे म्हणणाऱ्या कुटुंबप्रमुखाला मागच्या आसनावरून ‘तुम्ही पुढे बघून चालवा’ एवढेच उत्तर मिळते.

पठारावर उतरलेल्या माणसाची पहिली तक्रार अशी असते, की येथे सावलीला झाड नाही. तक्रार रास्त आहे आणि तिचे उत्तर तक्रारदाराच्या पायाखाली आहे. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा, म्हणजे काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. त्याच्या माथ्यावर पाऊस आणि ऊन यांचा आळीपाळीने मारा होऊन खडकातील सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, आणि त्यांचा जो तांबूस, सच्छिद्र थर तयार झाला, त्याला जांभा म्हणतात. कोकणात ज्याच्या चिऱ्यांनी घरे बांधतात, तोच हा दगड. जांभ्याच्या अशा उघड्या, सपाट माथ्याला सडा असेही नाव असून, सड्यावर माती बोटभर, काही ठिकाणी तेवढीही नसते, आणि जी असते ती चार महिने चिंब व आठ महिने तव्यासारखी तापलेली. मोठ्या झाडाने येथे मूळ घालायचे म्हटले तरी कोठे घालावे? त्यामुळे पावसाबरोबर उगवायचे, घाईघाईने फुलायचे, बी टाकायचे आणि दसऱ्यानंतर आवरते घ्यायचे, हा येथील बहुसंख्य रहिवाशांचा संसार आहे. अशा अडचणीच्या बिऱ्हाडात सुमारे ८५० जातींच्या सपुष्प वनस्पती नांदतात, अशी गणती केली जाते, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे मिळून जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांत कासचे पठारही आहे. मराठी घरात वारसा म्हटला की सातबारा, हिस्सेवाटणी आणि भाऊबंदकी डोळ्यांपुढे येते. त्यामुळे जो वारसा कोणाच्याच नावावर चढत नाही, त्याच्याविषयी प्रवासी काहीसा उदासीन असतो. तरी फलकापुढे उभे राहून छायाचित्र मात्र तो काढतोच.

कासच्या फुलांना वेळापत्रक आहे, पण ते छापलेले नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, कधी गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या, कधी तेरड्याचा गुलाबी, कधी सोनकी आणि कवला यांचा पिवळा, असा पंधरवड्या-पंधरवड्याला पठाराचा रंग पालटतो, आणि पाऊस लांबला की हे सगळेच पुढे सरकते. यातून मागच्या आठवड्याचा सिद्धान्त निघतो, तो असा : कासला केव्हाही गेले तरी फुले मागच्या आठवड्यात होती. वाहनतळावर कणसे भाजणाऱ्यापासून परतीच्या गाडीतल्या अनोळखी काकांपर्यंत सर्वजण हेच सांगतात, ‘मागच्या आठवड्यात यायला हवं होतंत’. आणि जे खरोखरच मागच्या आठवड्यात आले होते, त्यांना ‘आठ दिवस थांबला असतात तर’ असे सांगण्यात आलेले असते. या सिद्धान्ताचे सर्वांत कठोर रूप टोपली कारवीच्या बाबतीत दिसते. उपड्या टोपलीसारखे दिसणारे हे झुडूप सात वर्षांतून एकदा एकगठ्ठा फुलते, उरलेली सहा वर्षे नुसतीच टोपली असते, आणि तिच्यापुढे उभा राहिलेला प्रवासी बोटांवर वर्षे मोजून अखेरीस ‘तोवर हा बारावीला असेल’ असे म्हणत मुलाकडे पाहतो. मुलाला टोपली कारवीचा राग येतो.

परंतु प्रवाशाच्या निराशेचे खरे मूळ हंगामात नसून छायाचित्रात आहे. कासची जी छायाचित्रे घरोघरी पोहोचलेली असतात, त्यांत क्षितिजापर्यंत फुलांचा सलग गालिचा दिसतो, आणि ती खोटी नसतात. मात्र ती घेणारा मनुष्य त्या वेळी पोटावर पालथा पडलेला असतो. भिंग जमिनीलगत नेले की जवळच्या फुलामागे दूरचे फूल दाटते, मधला उघडा कातळ झाकला जातो आणि वीतभर रोपांचे शिवार होते. तीच जागा उभ्याने पाहिली की फुलांइतकाच दगडही दिसतो, आणि कुटुंबप्रमुख भ्रमणध्वनीतले चित्र समोरच्या दृश्याशी ताडून पाहत, स्थळ पाहताना मुलीचा फोटो आणि मुलगी ताडून पाहणाऱ्या वरपित्याच्या सुरात, ‘फोटोत बरं होतं’ असा निकाल देतो. पोटावर पडण्याचा सल्ला त्याला कोणी देत नाही, आणि दिला तरी धुतलेल्या पांढऱ्या विजारीत तो अमलात येण्यासारखा नसतो.

या अभ्यासात एक अपवाद वारंवार आढळतो आणि तो आत्याचा होय. आत्याचे गुडघे दुखतात. अर्धा किलोमीटर चालून झाल्यावर ती पायवाटेकडेच्या उघड्या कातळावर बसकण मारते, उठायला कोणाचा तरी हात लागेल म्हणून तो येईपर्यंत बसून राहते, आणि अशा रीतीने नाइलाजाने तिचे डोळे अख्ख्या कुटुंबात सर्वप्रथम योग्य उंचीवर येतात. तिच्या चपलेपासून हातभर अंतरावर ओलसर मातीत दवबिंदूचे रोप असते. त्याच्या पानांवर तांबूस केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब चमकत असतो. दुपारचा एक वाजला तरी हे दव वाळत नाही, कारण ते दव नव्हेच. एक चिलट त्या थेंबावर उतरते, उडू पाहते, पण त्याचा एक पाय चिकटलेला राहतो, तो सोडवताना दुसरा चिकटतो, आणि आजूबाजूचे केस अगदी सावकाश, लग्नघरी आहेर मोजणाऱ्याच्या बोटांसारखे, त्याच्याकडे वळू लागतात. आत्या चष्मा पुसून पुन्हा पाहते आणि म्हणते, ‘अगं बाई, हे खातंय की!’ जांभ्यावरच्या मातीत नत्र, म्हणजे वनस्पतींच्या वाढीला लागणारे नायट्रोजनयुक्त द्रव्य, फार थोडे असल्यामुळे येथील काही वनस्पती ती तूट कीटकांवर भागवतात, हे शास्त्रीय स्पष्टीकरण आत्याला ठाऊक नसते. परंतु अपुऱ्या पगारात घर चालवायचे तर वरकड काहीतरी पाहावे लागते, हे तत्त्व तिला पूर्वीपासून मान्य असते.

तिच्या दुसऱ्या बाजूला जी निळी-जांभळी नाजूक फुले दिसतात, त्यांना सीतेची आसवे म्हणतात. आसवे म्हणजे अश्रू. वनवासातील सीतेच्या डोळ्यांतले पाणी जेथे पडले तेथे ही फुले उगवली, अशी या नावामागची समजूत आहे, आणि ती ऐकून मावशीवर्गाचा कंठ दाटून येतो. कंठ मोकळा होण्यापूर्वी हे सांगणे इष्ट नव्हे, की या आसवांना ओल्या मातीत बारीक फुगे असतात, पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी घुटमळला की झडप उघडून पापणी लवण्याच्या आत तो पाण्यासकट आत ओढला जातो, आणि तेथे पचवला जातो. वनस्पतीच्या या वागण्याला शूर्पणखेचे नाव अधिक शोभले असते. पण नावे ठेवणाऱ्यांनी फक्त जमिनीवरचा भाग पाहिला होता. कवल्याच्या पिवळ्या फुलाचे नशीब आणखी वेगळे, कारण त्यावरच्या दोन तांबड्या ठिपक्यांमुळे पर्यटनाच्या बोलीत त्याला मिकी माऊस म्हणतात, आणि गाडी लागलेला धाकटा मुलगा दिवसभरात प्रथमच ज्याच्यासाठी स्वतःहून वाकतो, ते फूल हेच होय.

कासचा खरा भूमिपुत्र मात्र कोणाला भेटत नाही. वायतुरा नावाची पाणवनस्पती पहिल्या पावसात डबक्यांतल्या कंदांतून वर येते, तिचा तुरा दोन फाट्यांचा असतो, आणि १९८२ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले तेव्हा तिला अपोनोजेटॉन सातारेन्सिस असे नाव मिळाले. लॅटिनमध्ये अशी कायमची नोंद झालेला हा सातारकर पर्यटकांची झुंबड उडण्यापूर्वीच आपला बहर आटोपून मोकळा होतो, यावरून त्याचा स्वभावही कळतो. कंदीलपुष्पाचे धोरण याच्या उलट आहे. कंदिलासारख्या या फुलात माशी सहज शिरते, परंतु नळीतले केस आतल्या बाजूला वळलेले असल्याने तिला बाहेर पडता येत नाही. केस कोमेजले की अंगाला पराग घेऊन ती सुटते आणि बहुधा शेजारच्या कंदिलात शिरते. रविवारी संध्याकाळी यवतेश्वरच्या घाटात अडकलेल्या गाड्यांना ही यंत्रणा समजावून सांगावी लागत नाही.

राहता राहिला तलाव. पठारावरून आणखी थोडे पुढे गेले की तो लागतो, काठाशी जांभूळ, अंजनी, हिरडा अशा झाडांचे निमसदाहरित जंगल आहे, म्हणजे ज्यातली बरीचशी झाडे उन्हाळ्यातही पूर्ण निष्पर्ण होत नाहीत असे, आणि सावलीची मघाची तक्रार येथे आपोआप मिटते. पण येथवर येणारे थोडे, कारण पुढे बामणोलीला कोयनेचा शिवसागर आहे व तो पुष्कळ मोठा आहे, असे कोणीतरी सांगितलेले असते; आणि जे येतात त्यांना धुके गाठते. धुके येते ते दरीतून, आणि आले की समोरचा काठ, मग पाणी, मग बांध, अशा क्रमाने एकेक गोष्ट पुसत जाते. कुटुंब रांगेने उभे राहून पांढऱ्या शून्याकडे पाहते, कुटुंबप्रमुख बोट दाखवून ‘हा इथे समोर तलाव आहे’ असे ठामपणे सांगतो, सर्वजण मान डोलावतात, आणि तलावासह म्हणून जे छायाचित्र निघते, त्यात पाच माणसे एका धुतलेल्या चादरीपुढे उभी असलेली दिसतात.

हा तलाव पाहण्यासाठी बांधलेलाच नव्हता. उरमोडी नदीचा उगम याच भागात आहे, आणि ब्रिटिश अमदानीत, एकोणिसाव्या शतकात, तिच्या उगमाकडचे पाणी मातीच्या बांधाने अडवून सातारा शहराच्या पिण्यासाठी ही सोय करण्यात आली. तलाव शहरापेक्षा कितीतरी उंचावर असल्याने पाणी पंपाशिवाय, निव्वळ उताराने, साताऱ्यापर्यंत जाते. आधी ते उघड्या पाटाने जात असे, पुढे नळवाटे जाऊ लागले, आणि अलीकडे बांधाची उंचीही वाढवण्यात आली. म्हणजे प्रवासी ज्या धारेवरून पिशवीत तोंड घालून वर आला, तिच्याच अंगाखांद्यावरून तलाव रोज निमूटपणे खाली जात असतो, आणि त्याला गाडी लागत नाही.

संध्याकाळी कुटुंब साताऱ्यात साडूंच्या घरी मुक्कामाला येते. कंदी पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवला जातो, फुले मागच्या आठवड्यात होती हे सांगून होते, तलाव धुक्यामुळे दिसला नाही हेही सांगून होते, आणि आत्या चिलटाची हकिकत तिसऱ्यांदा सांगत असताना साडू तांब्या-भांडे आणून पुढे ठेवतात.

‘घ्या,’ ते म्हणतात, ‘कासचं पाणी आहे.’

कुटुंबप्रमुख भांडे उचलतो, उजेडात धरून पाहतो, आणि पत्नीकडे वळून विचारतो, ‘आपली बाटली गाडीतच राहिली का?’