सही न करता झालेला करार

नेदरलँड्समधल्या वाखनिंगनच्या नगरपालिकेत आणि विद्यापीठात १ जानेवारी २०२० पर्यंत नोकरी म्हणजे सरकारी नेमणूक होती. म्हणजे मालकाने एकतर्फी काढलेला हुकूम. त्या मध्यरात्री नव्या कायद्याने तिचा दोन समान पक्षांनी राजीखुशीने केलेला करार झाला. सही कोणीच केली नाही, गरजच नव्हती. कायद्यानेच दोघांचं लग्न लावून टाकलं! गंमत म्हणजे, त्याच विद्यापीठाच्या आवारातल्या संशोधन प्रतिष्ठानातले लोक आधीपासूनच खासगी करारावर. कॉफीचं यंत्र एक, कायदे दोन. पोलीस, सैनिक आणि न्यायाधीश मात्र जुन्या हुकुमातच राहिले.

अशा हुकुमाच्या नोकरीत संप करणंही सोपं नव्हतं. डच सरकारने १९०३ च्या रेल्वे संपानंतर सरकारी नोकरांच्या संपाला थेट फौजदारी गुन्हा ठरवलं, आणि ते कलम १९८० मध्ये काढलं. आपल्याकडे १९७७-७८ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी ५४ दिवस संप केला, आणि १९७९ च्या वर्तणूक नियमांत संपाला मनाई आली. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी तेच सरकारचे जावई पुन्हा संपावर. नियम फाईलमध्ये, कर्मचारी मांडवात.