ओटीतल्या खणाचा गाऊन

अहो वहिनी, ते वाल सोलायचे राहू द्या जरा, इकडे या कुंपणाशी. ऐकलंत का? ती वैशाली शडांगुळे हो, खणाचे गाऊन करते ती! पॅरिसला तो कुत्यूरचा मोठा शो असतो ना, त्यात पोचलेली पहिली भारतीय डिझायनर बाई हीच. जुलै 2021. राहुल मिश्रा आधी जाऊन आला होता म्हणे, पण तो पुरुष झाला. बाईमाणसात पहिली हीच. आता माझी भाची ते सगळं मोबाइलवर दाखवत बसली आणि माझं दूध गेलं उतू, ते जाऊ दे...

तर काय सांगत होते, कलेक्शन कसलं, तर थंडीचं! भर पावसाळ्यात! पोलादपूरहून आमच्या जाऊबाई आल्या होत्या ना परवा, त्यांनी लगेच नाक मुरडलं, "जुलैत कोण मेलं थंडीचे कपडे घालतंय?" मी म्हटलं, अहो, आगोटीची खरेदी आपण मे महिन्यात नाही का उरकत? तसंच ते. आधी दाखवायचं, ऑर्डरी घ्यायच्या, मग महिनोन् महिने हातानं शिवायचं, तेव्हा कुठे थंडीत अंगावर पडतं. जाऊबाईंचा चेहरा असा उतरला... आंबेनळी घाटातून वारं सुटलं की त्यांच्याकडे पहाटे दात वाजतात, त्यामुळे थंडीवर बोलायचा हक्क आपलाच, असं त्या धरून चालतात. बसल्या मग गप्प. पण फोन काही हातातून सुटेना हो!

आणि कपडे काय एकेक! 'ब्रेथ' नाव, म्हणजे श्वास. कापडाच्या बारीक दोऱ्या वळायच्या, ब्लाउजच्या गळ्याला पायपिंग असतं ना तसल्या, आणि त्या शेजारी शेजारी बसवून नुसती वळणं, चुण्या, फुगे. शिलाई कुठे सुरू होते आणि कुठे संपते, सापडत नाही. मी फोटो घेऊन गेले की बाजारपेठेतल्या टेलरमामांकडे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन आडवा धरला, उभा धरला, शेवटी विचारलं, "यात बाही कुठली?" मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही आपला कटोरी ब्लाउज सांगा. दिवाळीपर्यंत देतो." कुठल्या दिवाळीपर्यंत, ते नाही बोलले.

बाई काही आयत्या दुकानावर बसलेली नाही बरं का. विदिशाची, मध्य प्रदेशातली. सतरा-अठराची असताना घर सोडलं, आणि 2001 साली मालाडला छोटंसं बुटीक टाकलं. मालाडला! आपलं अर्धं महाड तिकडे नोकरीला. आपल्यातल्या कुणीतरी तेव्हा शिवूनही घेतलं असेल तिच्याकडून, आणि तोच ड्रेस बोहारणीला घालून पातेलं घेतलं असेल, लावा पैज.

पण मला अप्रूप खणाचं. गुळेदगुड्डला, बागलकोट जिल्ह्यात हातमागावर विणतात तो. पन्हा लहान, चोळीपुरता. आणि आपण काय करतो? ओटीत येतो आणि त्रिकोणी घडी मोडायच्या आत पुढच्या ओटीत जातो. गेल्या संक्रांतीला त्या काकरतळ्याच्या... नाव नको घ्यायला, कळलं ना तुम्हाला? त्यांनी माझी ओटी भरली. घरी येऊन... छे, घरी कशाला, तिथेच पाहिलं, काठाला माझ्याच हातचा हळदीचा डाग! मुंजीत मीच दिला होता त्यांना! मी नुसती हसले. मला कळलंय हे त्यांना कळलं. चेहरा बघायला हवा होतात, नारळावरची नजर वर उचलवेना.

आणि त्याच जुलैत, 22 तारखेला, पुरात सावित्री नदी शिरली ना आपल्या घरात. पॅरिसचा शो होऊन दोन आठवडे झाले असतील. माझी ट्रंक आठवते? चिखलानं भरलेली? त्यातले पॉलिस्टरचे खण धुऊन लख्ख निघाले मेले. सासूबाईंचा हातमागाचा एकच होता, जांभळा, त्यानं सगळ्या साड्यांना रंग दिला. टाकवला नाही मला. आता हे फोटो पाहिल्यापासून सूनबाई मागे लागल्येय, त्याचं जॅकेट करू म्हणते, थंडीत घालायला. आतून जुन्या लुगड्याचं अस्तर, वरून गोधडीसारखा धावदोरा. टेलरमामांचं काम नव्हे ते, पोलादपुरात एक आजी गोधड्या शिवतात, त्यांनाच जमेल. ओळख जाऊबाईंची आहे. पण परवाच्या प्रकारानंतर फोन मी कशी करू? तुम्हीच करा ना वहिनी. माझं नाव नका काढू. आणि त्यांनी विचारलंच, की तिकडे थंडी पडली का, तर म्हणा, छे हो, थंडी काय ती तुमच्या पोलादपूरलाच!