ताई, ओढणी!

प्रवासाला निघताना कपडे कमी न्यावेत आणि स्कार्फ जास्त, असं हल्ली जाणकार सांगतात. त्यांचं गणित ऐकत बसावं असं असतं. दोन साधे एकरंगी कुडते, एक काळी पँट, थोडे स्कार्फ आणि एक रुंद पट्टा, एवढ्यावर म्हणे अख्खी सहल निभावते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. कुडता कालचाच, पण काल गळ्यात अजरख होता, आज खांद्यावरून हिमरू सोडलाय, आणि उद्या त्याच कुडत्यावर कमरेला पट्टा आवळला की तो कुडता उरतच नाही, त्याचा ‘ड्रेस’ होतो. माझी भाची या शास्त्रात पारंगत आहे. “मावशी, लोक कपडे बघतच नाहीत गं, लोक गळा बघतात,” असं तिने मला समजावलं तेव्हा माझा हात आपसूक गळ्याशी गेला. पण तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. सेल्फीत माणसाचा चेहरा, गळा आणि उरल्या जागेत ताजमहाल एवढंच मावतं. ताजमहाल बदलता येत नाही, चेहऱ्याचंही आता तसंच झालंय. राहता राहिला गळा.

माझ्या आजीला या शास्त्राचं फारसं नवल वाटलं नसतं. ती काशीला जाऊन आली तेव्हा तिच्यापाशी स्कार्फही नव्हता आणि पट्टाही नव्हता, कारण नऊवारीत दोन्ही विणूनच येतात. उन्हात पदर डोक्यावर, धुळीत नाकावर, रात्री मांडीवर झोपलेल्या नातवंडाच्या अंगावर. सुटे पैसे त्याच्याच टोकाला गाठ मारून ठेवलेले, आणि जे गाठीत मावत नाही ते ओच्यात. आजोबांचा खजिना धोतराच्या कनवटीला. त्या पदराचा मोठा गुण म्हणजे तो गाडीत विसरून येण्याची सोयच नव्हती. पुढे आपण सुटसुटीत झालो. पदर एकीकडे केला, ओचा दुसरीकडे, आणि मग तेच दोन तुकडे वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या किमतींना, ‘ॲक्सेसरी’ म्हणून पुन्हा घरी आणले. माझी तक्रार नाही. आणलेल्या वस्तू सुंदरच असतात. फक्त एवढंच दिसतं की घराबाहेर पडलं की त्या ठरवून दिलेलं काम करत नाहीत. हौसेने घेतलेला स्कार्फ गाडी सुटायच्या आत राबायला लागतो, आणि राबण्यासाठीच जन्मलेला पट्टा दिवसेंदिवस नुसता मिरवत चाललाय.

स्कार्फचं तर थोरामोठ्यांच्या घरीही हेच. पॅरिसच्या एर्मेस या नामांकित घराण्याने आपला पहिला रेशमी चौकोनी स्कार्फ 1937 साली काढला. लांबीरुंदी नव्वद सेंटिमीटर. त्यावर फुलं असतील, राजहंस असतील, अशी आपली समजूत. पण त्या पहिल्यावहिल्या रेशमावर चित्र होतं ते घोडे जुंपलेल्या ओम्निबसचं, म्हणजे चक्क सार्वजनिक बसगाड्यांचं. हे वाचल्यापासून त्या महागड्या वस्तूबद्दल मला घरगुती जिव्हाळा वाटू लागला आहे. कारण स्कार्फ आणि बस यांचं नातं आपल्याकडे प्रत्येक एसटी स्टँडवर जुळलेलं असतं. गाडी अजून फलाटाला टेकलेली नसते, आणि खिडक्यांमधून रुमाल, पिशव्या, टोप्या, वर्तमानपत्रं आत पडू लागतात. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण तो मोडणाऱ्याकडे अख्खी गाडी ज्या नजरेने बघते ती नजर भल्याभल्यांना उभं करते. त्यातही प्रतवारी आहे. वर्तमानपत्र हलकं, ते कुणीही उचलून वाचायला घेतो. पाण्याची बाटली बरी. रुमाल पक्का. आणि लहान मूल खिडकीतून आत सोडलेलं असेल तर तो दावा सुप्रीम कोर्टातही टिकेल.

या सगळ्यात स्कार्फची एक अडचण आहे. तो नेम धरून फेकता येत नाही. रुमाल गोळा करून मारला की धपकन पडतो. स्कार्फ मात्र खिडकीतून आत शिरताच उलगडतो, वाऱ्यावर जरा विचार करतो, आणि आपल्याला हव्या त्या बाकाऐवजी पलीकडच्या बाकावरच्या, पानाचा डबा उघडून बसलेल्या आजोबांच्या गुडघ्यावर अलगद उतरतो. आजोबा तो उचलून, झटकून, नीट घडी करून रिकाम्या बाकावर ठेवतात. आणि मग त्यांचं पद बदलतं. तिथे बसू बघणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात, “जागा धरलेली आहे.” “कुणी?” “दिसत नाही का?” आणि ते बोट दाखवतात ते स्कार्फकडे, जणू तिथे कुणी कुलवंत बाई डोक्यावरून पदर घेऊन बसली आहे. आपण धापा टाकत चढेपर्यंत ते त्या फुलाफुलांच्या कापडाची राखण करतात, आणि आपण बसलो की पानाला चुना लावायला मोकळे होतात.

लांब स्कार्फला एक भयंकर इतिहासही आहे, आणि तोही प्रवासातलाच. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका 1927 च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या नीस शहरी एका उघड्या मोटारीत बसली. गळ्यात लांबलचक रेशमी स्कार्फ. गाडी सुरू झाली, त्याचं टोक मागच्या चाकात गुंतलं आणि सगळं तिथेच संपलं. मी हे वाचलं तेव्हा मला दुःख झालंच, पण त्याबरोबर एक विचित्र विचारही आला, की हे आपल्याकडे घडू दिलं नसतं कुणी. पुण्याच्या रस्त्यावर दुचाकीवर मागे बसलेल्या बाईची ओढणी चाकाकडे झुकली रे झुकली, की जग कामाला लागतं. एरवी इंडिकेटर न देता वळणारा, सिग्नलला शिव्या देणारा, आपल्याकडे ढुंकूनही न बघणारा माणूस एकाएकी सख्खा भाऊ होतो आणि जिवाच्या आकांताने ओरडतो, “ताई, ओढणी!” पलीकडून रिक्षावाला, मागून स्कूटरवरच्या काकू, फुटपाथवरून शाळकरी पोरगा. ओढणी सावरली की कुणी आभाराला थांबत नाही. पुढच्याच चौकात तोच भाऊ आपल्याला बेदरकार कट मारून निघून जातो. नीसच्या त्या संध्याकाळी असा एक पुणेकर हवा होता, असं मला अजूनही वाटतं.

पट्ट्याची कहाणी उलटी आहे. त्याला काम होतं, आणि तेही इज्जतीचं. पुरुषांच्या पँटी आधी गॅलिसवर, म्हणजे खांद्यांच्या जिवावर उभ्या असत. लिव्हाईसने 1922 साली आपल्या जीनला पट्ट्यासाठी लूप लावले, आणि हळूहळू तो भार कमरेने उचलला. आता इलॅस्टिक आलं आणि पट्टा उगाचच वर चढला, तो कुडत्यावर, फ्रॉकवर, कोटावरसुद्धा. भाचीचा तो रुंद पट्टा काहीही धरून ठेवत नाही. उलट तो घसरू नये म्हणून कुडत्याच्या दोन्ही कुशींना दोऱ्याचे नाजूक लूप करून त्यालाच धरून ठेवावं लागतं. पेन्शनीत निघालेल्या अधिकाऱ्यासारखं त्याचं झालंय: मान आहे, सही चालत नाही.

आपलं जुनं महत्त्व त्याला परत मिळतं ते फक्त विमानतळावर. तपासणीच्या रांगेत ‘बेल्ट काढा’ असा हुकूम झाला की मोठमोठ्या कंपन्यांचे वरिष्ठ, लग्नाला निघालेले मामा, विद्यापीठांतले विद्वान, सगळे गुमान पट्टे सोडून ट्रेमध्ये गुंडाळी करून ठेवतात आणि एका हाताने पँट सावरत त्या चौकटीतून पलीकडे जातात. चेहऱ्यावर असा भाव, की हा हात तिथे सहजच ठेवलाय. त्या पन्नास पावलांत माणसामाणसांतला भेद इतका मिटतो की तेवढा संतांच्या दिंडीतच मिटत असेल. पलीकडे पट्टा पुन्हा चढला की आवाज परत येतो आणि फोनवर कुणाला तरी झापणं सुरू होतं.

बाबांचा एकच पट्टा होता, तपकिरी चामड्याचा. प्रत्येक भोकापाशी बकलाची एक आडवी वळी उमटली होती आणि त्या वळ्यांवरून त्यांचे प्रवास वाचता यायचे. सगळ्यात बाहेरची वळी मद्रास-मदुराईची, कारण तिथल्या केळीच्या पानावर वाढणाऱ्याला ‘पुरे’ म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आतल्या बाजूची दोन भोकं मात्र कारखान्याची नव्हती. कोपऱ्यावरच्या चांभाराने आरीने पाडून दिलेली, जराशी तिरकी. त्यांपैकी शेवटच्या भोकापाशी वळी पुसटच आहे. तो पट्टा घालून ते फार लांब गेले नाहीत.

गेल्या वर्षी आम्ही दोघं नांदेडला गेलो होतो. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये जिथे देह ठेवला ते हुजूर साहिब बघायचं ह्यांच्या मनात कधीपासून होतं. आत जायचं तर डोकं झाकलेलं हवं. दारापाशी त्यासाठी रुमाल ठेवलेले असतात, पण तिकडे लक्ष जायच्या आत ह्यांनी माझ्या गळ्यातला स्कार्फ हक्काने ओढून घेतला होता. भाचीनेच वाढदिवसाला दिलेला, पीच रंगाचा, जॉर्जेटचा, त्यावर बारीक गुलाबी फुलं. जॉर्जेट जात्याच निसरडं, आणि ह्यांच्या डोक्यावर त्याला अडकून राहायला फारसं काही उरलेलं नाही. दोनदा तो खांद्यावर आला. मग हे माझ्यापुढे मान खाली घालून उभे राहिले, शाळेत जाताना टाय बांधून घेणाऱ्या मुलासारखे, आणि मी मानेमागे दुहेरी गाठ मारली. गाठ मारताना कानामागचा एक पांढरा केस सापडला तो बोटाने आत सारला. “घट्ट नको,” हे म्हणाले. “सुटली तर पुन्हा मीच बांधायची,” मी म्हणाले. दर्शन झालं, लंगरमध्ये जेवलो, हे त्या फुलांसकट इतक्या रुबाबात वावरले की बाहेर आल्यावरही स्कार्फ काढायचं ह्यांच्या लक्षात आलं नाही. रिक्षात, हॉटेलच्या काउंटरवर, रात्री चहाच्या टपरीवर तो तसाच. टपरीवर मी गुपचूप फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

भाचीचं उत्तर मिनिटभरात आलं. “मावशी, तुमच्या आजवरच्या सगळ्या ट्रिपांमधला हा बेस्ट लुक. फक्त काकांना सांग, बेल्ट मॅच होत नाहीये.”