पाणीभाऊ

कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते आणि निडी हे रोह्याच्या अलीकडचं स्टेशन. म्हणजे कोकणात राहूनही आम्ही कोकण रेल्वेत नाही. एका स्टेशनानं हुकलो. लांबच्या गाड्या आमच्या देखत धडधडत निघून जातात, थांबते ती दिवा-रोहा. त्यामुळे पळणाऱ्या वस्तूचं निडीकराला कौतुक नाही. थांबलेल्या वस्तूची मात्र तो कसून चौकशी करतो. पाणीभाऊ याच वळणाचे. गाडी चालती असेल तर त्यांना तिच्याशी कर्तव्य नाही. थांबली, की बॅटरीतलं पाणी बघायला भाऊ आलेच.

धाटावच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत त्यांची उभी नोकरी झाली. अ‍ॅसिड टँकरनं येताना पाहिलेला माणूस, तो बॅटरीतल्या दोन-तीन लिटरला काय भिणार? खांद्याला कायम एक पिशवी. तीत डिस्टिल्ड वॉटरची बाटली, छोटं नरसाळं, टॉर्च, हायड्रोमीटर, जुना टूथब्रश, खाण्याच्या सोड्याची पुडी आणि व्हॅसलीनची डबी. अंगातल्या सुती शर्टाला बारीक बारीक भोकं. अ‍ॅसिडचा थेंब उडतो तेव्हा काही दिसत नाही, शर्ट धुतला की भोक उमटतं. काकूंनी नवे शर्ट आणणं कधीच बंद केलं आहे. "ह्यांना आधी भोकं पाडलेलाच मिळाला तर बघा," असं त्या रोह्याच्या दुकानदाराला सांगतात.

भाऊंची नजर माणसाच्या तोंडाकडे जात नाही, बॉनेटकडे जाते. "कसा आहेस?", "पोरं काय म्हणतात?" हे सगळं नंतर. आधी, "पाणी कधी बघितलंस?" बहुतेकांनी ते कधीच बघितलेलं नसतं. मग भाऊ बॉनेटवर हात ठेवतात, ताप बघावा तसा. "बंद कर इंजिन. आणि ती बिडी फेक आधी!" चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, एक ठिणगी पुरते. अंधारात काडी ओढून बॅटरीत डोकावणारा एक मिनिडोरवाला भाऊंनी भर नाक्यावर असा झापला, की त्यानं त्या दिवसापासून बिडीच सोडली. त्याची बायको अजून भाऊंना चहा पाजते.

एकदा बुचं उघडली, की प्रवचन सुरू. बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा कप्पे, प्रत्येकाचे साधारण दोन व्होल्ट. आत शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड. चार्जिंग होताना पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडतो, वैशाखात नुसत्या उष्म्यानंही पाणी आटतं. अ‍ॅसिड मात्र जागचं हलत नाही. "म्हणून घालायचं ते पाणी. अ‍ॅसिड घालशील तर ते तुझ्या प्लेटा खाईल." मग बोट वर करून भाऊ आपलं सूत्र म्हणतात, "प्लेटा बुडाव्यात, बूच भिजू नये." प्लेटांच्या वर साधारण एक सेंटिमीटर, बस्स. बॅटरीवर खूण असेल तर खुणेपर्यंत. गळ्यापर्यंत भरली तर चार्जिंगच्या वेळी अ‍ॅसिड उतू येतं, खालचा ट्रे गंजतो आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. तेवढ्यासाठी सोडा आणि टूथब्रश. घासून, धुऊन, पुसून झालं की वर व्हॅसलीनचं बोट.

भाऊंचे शत्रू म्हणजे पाण्यातले पंथ. नळपंथी आणि बोअरिंगपंथी हे अडाणी, त्यांना भाऊ माफ करतात. त्यांच्या पाण्यातले क्षार प्लेटांचं आयुष्य खातात, एवढं सांगून सोडतात. मिनरलपंथी शिकलेले, म्हणून त्यांना माफी नाही. "अरे, बाटलीवरच लिहिलंय मिनरल! तेच तर नको आहे!" एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत साठवणारा एक पंथ अलीकडे निघाला आहे. त्याच्याशी भाऊंची बोलणी चालू आहेत. खरा जुना वैरी पागोळीपंथी. ऐन पावसाळ्यात कौलांवरून गळणारं पाणी हंड्यात धरायचं आणि "हे आभाळातलं, शुद्ध" म्हणून बॅटरीत ओतायचं. भाऊ विचारतात, "आभाळातून थेट बॅटरीत पडलं का? मधे तुझी कौलं होती ना? आणि कौलांवर कावळे होते ना?"

खरा हंगाम गणपतीचा. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चाललेलं. त्यातून वाट काढत चाकरमानी पेणला थांबतो, मूर्ती घेतो आणि मूर्ती मांडीवर धरून अंगणात पोचतो. समोर घरच्या बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या आणि त्यांच्या पुढे भाऊ, हायड्रोमीटर घेऊन. "आत्ताच बघायचं. लांबून आलीय, चार्ज झालीय. पाणी चार्ज झाल्यावरच घालतात. आधी घातलंस तर पातळी चढून उतू जाईल. जरा वाफ जाऊ दे तोवर." मुहूर्ताची आठवण करून दिली तर म्हणतात, "मुहूर्त दुपारपर्यंत आहे. प्लेटा उघड्या पडल्या तर त्यांना मुहूर्त नाही." गेल्या खेपेला एका नव्या जावयाच्या गाडीत नळी बुडवून भाऊ ओरडले, "अकराशे पन्नास! आणि हा ठाण्याहून गाडी चालवत आलाय!" पुरी भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी बाराशे साठच्या वर असते, हे सासूबाईंना कुठलं ठाऊक? जावयाचं ब्लडप्रेशर समजून त्यांनी त्याला आडवं केलं आणि लिंबूसरबत पाजलं. आरती तासभर लांबली.

बॅटरीची थोरवी भाऊ सनावळीनं सिद्ध करतात. सत्तावन्नचं बंड शमतंय तोच, 1859 साली, फ्रान्सच्या गास्तों प्लांतेनं ही शिशाची बॅटरी केली. कार्ल बेंझनं मोटारीचं पेटंट घेतलं 1886 साली. "म्हणजे बॅटरी गाडीपेक्षा सत्तावीस वर्षांनी मोठी. मोठ्यांना आधी पाणी विचारायची पद्धत आपल्यात आहे की नाही?" या युक्तिवादाला निडीत अजून उत्तर सापडलेलं नाही.

मग मेंटेनन्स-फ्री बॅटरी आली. बुचंच नाहीत. वर एक काचेचा डोळा, हिरवा दिसला की सगळं ठीक. हा भाऊंना वैयक्तिक अपमान वाटला. त्यांनी त्या डोळ्याची माहिती काढली आणि विजयी मुद्रेनं नाक्यावर जाहीर केली. "तो डोळा एकाच कप्प्यावर असतो! सहा आरोपी, साक्ष एकाची आणि सगळे निर्दोष!" मुद्दा बिनतोड होता, पण बुचं काही परत आली नाहीत. काही दिवस भाऊ गाड्यांकडे न बघता चालू लागले. आता भाऊ सुधारले, असं लोकांना वाटलं.

भाऊंना वाचवलं पावसानं. पहिल्या वाऱ्याला वीज जाते, म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आले आणि त्यांच्या मोठ्या ट्युब्युलर बॅटऱ्यांना पाणी लागतं. अंगणात बॉनेटपाशी अडवले जाणारे भाऊ थेट दिवाणखान्यात पोचले. सोफ्यामागे, देव्हाऱ्याखाली, जिन्याच्या पोकळीत, जिथे बॅटरी तिथे भाऊ. पाणी दाखवणारी तरंगती काडी लालवर गेली आहे का, हे बघता बघता घरात काय शिजतंय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, हेही त्यांना कळू लागलं. पूर्वी त्यांना गावातल्या गाड्यांची ग्रॅव्हिटी पाठ होती, आता घरांचीही आहे.

आणि भाऊंची स्वतःची गाडी? नाही. होती ती जीप कधीच विकली. रोह्याला जायचं तर ते दिवा-रोहानं जातात. गाडीवाला गाडी चालवण्यात गुंतलेला असतो, आत काय आटतंय हे बघायला गाडी नसलेलाच माणूस लागतो. निडीत बंद पडलेली गाडी ढकलायची वेळ कमी येते, याचं श्रेय कोणी भाऊंना देत नाही, पण ते त्यांचंच आहे.

तेव्हा मंडळी, तुमच्या बॅटरीला बुचं असतील तर महिन्यातून एकदा ती उघडा, टॉर्च लावून आत बघा आणि कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, बेताचं. निडीकडे येणार असाल तर हे घरीच उरकून या. विसरलात आणि भाऊंनी गाठलंच तर वाद घालू नका. बॉनेट उघडलं तर दहा मिनिटांचं काम आहे, वाद घातलात तर दुपार गेली.