गोंड्याला कारण लागत नाही

मुंबईत लोकर घेऊन बसणाऱ्या प्रत्येक बाईच्या पाठीशी एक तारीख भक्कम उभी आहे : २२ जानेवारी १९६२. त्या दिवशी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. एकदा उतरला म्हणजे पुन्हाही उतरू शकतो, या भरवशावर घरोघरच्या कपाटांत मफलर आणि कानटोप्या डांबराच्या गोळ्यांसह दबा धरून बसलेल्या आहेत. एरवी इथली थंडी म्हणजे पंखा पाचावरून दोनावर आणायचा आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला ‘आज गारवा आहे, नाही?’ म्हणायचं.

तरीही लोकर खपते. दुकानातली बहुतेक लोकर ॲक्रिलिकची, म्हणजे खनिज तेलाच्या घराण्यातली. मेंढीला या व्यवहाराची खबरही नसते. आमच्या आत्याने आयुष्यभर ही लोकर विणली, ती बहुतेक बाळंतविड्यांसाठी. टोपरं, मोजे, बिनबाह्यांचा स्वेटर. सगळं पिस्ता नाहीतर लिंबू रंगात, कारण मुलगा की मुलगी हे आधी कळायची सोय नाही आणि पिस्ता दोन्हीकडे चालतो. बाळ बेतानं एप्रिलच्या शेवटी जन्माला येई. मग भर उन्हाळ्यात त्याला हा सगळा साज फोटोपुरता चढवला जाई आणि बाळ लालबुंद होऊन, टाहो फोडून निषेध नोंदवी. ‘थंडी वाजतेय वाटतं,’ म्हणून कुणीतरी वर दुपटंही घाली.

मोठ्या विणकामाची खरी अडचण हवामानाची नाहीच. ती मापाची आहे. माप आलं की मानापमान आलाच. स्वेटर घट्ट झाला तर ‘तू जाड झालास’ म्हणता येत नाही, सैल झाला तर ‘धुतल्यावर बसेल’ म्हणावं लागतं. घेणाऱ्याची पंचाईत तर विचारूच नका. पुढच्या प्रत्येक भेटीला तो अंगात हवा. पाश्चात्त्य विणकऱ्यांमध्ये तर अशी पक्की समजूत आहे की लग्नाआधी प्रियकरासाठी स्वेटर विणायला घेतला की तो स्वेटर पुरा व्हायच्या आत किंवा झाल्या झाल्या पळ काढतो. मला त्या पळणाऱ्यांविषयी थोडी सहानुभूती वाटते. स्वेटर हे कितीही प्रेमाचं असलं तरी कर्जच, आणि फेडायचं ते घाम गाळून.

म्हणून असेल, साठी उलटल्यावर आत्याने सुया गुंडाळून ठेवल्या आणि क्रोशाची एक सुई तेवढी हाताशी ठेवली. आता ती फक्त छोट्या वस्तू करते. पुस्तकात घालायची खूण, चष्म्याचं घर, केसांचा पट्टा, कधी न सुकणारा लोकरीचा गजरा, आणि मुख्य म्हणजे गोंडे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तिने किल्ल्यांचे गोंडे लुटले, तेव्हा प्लॅस्टिकच्या डब्यांना सरावलेल्या बायका क्षणभर गोंधळल्या. ‘याचं काय करायचं?’ एकीने विचारलं. ‘लावायचा,’ आत्या म्हणाली. ‘कशाला?’ ‘कशालाही.’

छोट्या वस्तूंची ही हौस एकट्या आत्याची नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, ब्रिटनचा टॉम डेली मॅटी लीसोबत दहा मीटरवरून सूर मारून सुवर्णपदक जिंकला, आणि पदकाला चरे पडू नयेत म्हणून त्याने त्याला लोकरीची पिशवी केली. एका बाजूला ब्रिटनचा झेंडा, दुसऱ्या बाजूला जपानचा. पुढे प्रेक्षकांत बसून शांतपणे विणकाम करणारा हा गडी जगाने पाहिला. मी तो फोटो आत्याला दाखवला. पदकाकडे तिचं लक्षच गेलं नाही. चष्मा सारखा करून तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘हात बरा आहे पोराचा.’

गोंडा करायला सोपा, हे खरं. डाव्या हाताची चार बोटं जोडायची आणि लोकर त्यांच्यावर गुंडाळत सुटायचं. बोटं निळी पडायच्या आत थांबायचं. वेढे अलगद सोडवून बरोबर मध्यभागी दुसऱ्या दोऱ्याने आवळायचे, अगदी दातओठ खाऊन, कारण सगळा डोलारा त्या एका गाठीवर आहे. मग दोन्हीकडचे वेढे कात्रीने कापले की हातात जे येतं ते नुकतंच झोपेतून उठल्यासारखं दिसतं. आता त्याची हजामत. इथे संयम लागतो. डावीकडे थोडं जास्त कापलं जातं म्हणून उजवीकडे कापायचं, मग वरून, मग पुन्हा डावीकडून. हात आवरला नाही तर लिंबाएवढा गोंडा सुपारीएवढा होऊन बसतो. आणि उरलेली कुसं कुणाच्या ना कुणाच्या चहात सापडतात. टांगायला एक सरकगाठ आणि वीतभर साखळी घातली की काम फत्ते.

गोंडा उबेला उपयोगी नाही, त्यात काही ठेवता येत नाही, त्याने काही झाकत नाही. कारण विचारलंच तर आत्या सांगते, की पर्समध्ये हात घातला की किल्लीआधी गोंडा बोटांना लागतो. पण हे लोकांची तोंडं बंद करण्यापुरतं. ट्रकवाला आरशाला काळा गोंडा बांधतो तो निदान दृष्ट लागू नये म्हणून. बैलाच्या कपाळावरच्या गोंड्याचं काय? गोंडा काढला म्हणून बैल काही कमी नांगरत नाही. उलट त्याला गोंडा मिळतो तो नांगरायचं नसतं त्या दिवशी. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, जुवाने घासलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळतात. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवून, झूल पाठीवर टाकून, गोंडे बांधून त्याला मिरवतात. त्या दिवशी खांद्यावर जू नाही, पाठीवर आसूड नाही. त्याच्या वर्षभराच्या साजात उपयोगाची नसलेली वस्तू तेवढ्याच दिवशी येते.

चाळीसेक वर्षं आत्याने जे विणलं ते सगळं कुणाच्या तरी कानांसाठी, पायांसाठी, छातीला वारा लागू नये म्हणून. आता तिची लोकर कुणाचंच रक्षण करत नाही. ही तुलना मी तिला अर्थातच ऐकवलेली नाही. पण तिचा पोळा रोज दुपारी तीन ते पाच असतो, आणि त्या वेळात ज्याला चहा हवा असेल त्याने तो आपला आपण करून घ्यावा.