अंगण सरळ करणारा

नेम चुकला की बहुतेक शिकारी वाऱ्याला शिव्या देतात, थर्मासमधली कॉफी संपवतात आणि विसरून जातात. हा गृहस्थ विसरत नाही. तो काही न बोलता घरी येतो, तळघरात उतरतो, रायफल फडक्यावर आडवी ठेवतो आणि तिच्या दोन पिना बाहेर काढतो. नाचता येईना अंगण वाकडं ही आपली म्हण त्याला अर्धीच लागू पडते. इतर लोक अंगणाला नुसती नावं ठेवतात. हा पाणसळ आणून ते खरोखर सरळ करायला बसतो.

असे गृहस्थ अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जागोजागी भेटतात, आणि त्याला कारण आहे. त्या राज्यात हरणाच्या शिकारीला अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. बोल्टची रायफल चालते, पण दुसरी गोळी झाडायची तर हात चापावरून काढून दांडी वर-मागे-पुढे-खाली करावी लागते, आणि पांढऱ्या शेपटीचं हरीण तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून पंप-अ‍ॅक्शन. डाव्या हाताची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. उजव्या हाताचं बोट जागचं हलत नाही. रेमिंग्टन कंपनीने १९५२ साली काढलेली ७६० ही रायफल तिथे घरोघरी पोचली. १९८१ नंतर तिची जागा ७६००ने घेतली. लोक तिला गमतीने ‘आमिश मशीनगन’ म्हणतात. आमच्या गृहस्थाला ही गंमत आवडत नाही. मशीनगनकडून नेमाची अपेक्षा नसते. त्याला ती आहे.

त्याची अपेक्षा म्हणजे शंभर यार्डांवर एक इंच. तीन गोळ्यांची तीन भोकं एका इंचात बसली पाहिजेत. वास्तविक हरणाच्या पुढच्या पायामागचा, गोळी बसायला हवी तो भाग चांगला आठेक इंचांचा असतो आणि त्या घनदाट जंगलात हरीण दिसतं तेच बहुधा साठ-सत्तर यार्डांवर. जुने लोक झाडाला कागदी ताटली ठोकतात, तिच्यात तीन गोळ्या बसल्या की रायफल गाडीत टाकतात. ताटली हा शब्द काढला की आमच्या गृहस्थाला दुखतं.

त्याचा मुख्य वैरी म्हणजे चाप. या रायफलचा चाप, घोडा, स्प्रिंगा हा सगळा संच कंपनीने आपल्या ८७० या शॉटगनच्याच घराण्यातला बसवला. शॉटगनला तो उत्तम. उडत्या पक्ष्यावर छर्रे फवारताना चाप जड आहे की हलका हे कोण बघतो? पण दुर्बिणीतून एका केसावर नेम धरलेल्या माणसाला तो चाप आधी थोडा सरकतो, मग अडतो, मग विचार करतो आणि तुमचं लक्ष दुसरीकडे गेलं की सुटतो. बोल्टच्या रायफलींना चाप हलका करायचा स्क्रू असतो. इथे तोही नाही. चाप कसा हवा, तर काचेची कांडी मोडावी तसा, असं तिथले बंदूकवाले सांगतात. आमच्या गृहस्थाने हे ऐकलं आणि घरातल्या काचेच्या एक-दोन कांड्या मोडूनही पाहिल्या. त्यातली एक बायकोच्या कॉकटेल-सेटमधली होती.

ओढ मोजायचा काटा त्याच्याकडे आहे. तो चापाला अडकवून ओढतो, आकडा वहीत लिहितो, पुन्हा ओढतो, सरासरी काढतो. सहा पौंड. स्प्रिंग बदलली, पाच. काटा बदलला, साडेचार. काटा बदलल्यावर झालेला आनंद स्प्रिंग बदलल्याच्या आनंदापेक्षा तसूभरही कमी नव्हता.

घोड्याला अडवून धरणारी सिअर नावाची बारीकशी खिट्टी घासली की चाप लोण्यासारखा होतो, असंही कुणीतरी त्याच्या कानात घातलं. तेवढ्यात गावातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने त्याला वाचवलं. त्याने रिकाम्या रायफलीचा घोडा चढवला, रबरी हातोडी उचलली आणि दस्त्यावर एक ठोका दिला. घोडा जागचा हलला नाही. “ही खिट्टी जास्त घासलीस तर एवढ्या ठोक्याला बार होईल,” कारागीर म्हणाला. “मग तुला हरीण लागणार नाही. मेव्हणा लागेल.” गृहस्थ थोडा वेळ विचारात पडला. मेव्हण्याबद्दल त्याने नंतर कधी काही सांगितलं नाही, पण खिट्टी घासली नाही हे खरं.

चाप झाला की नळी. बोल्टच्या रायफलीत नळी लाकडापासून मोकळी ठेवता येते, म्हणजे बार होताना ती दर वेळी एकसारखी थरथरते. पंपात नळीखालीच एक नळकांडं, त्यावर सरकणारी मूठ. ती मूठ वाळूच्या पिशवीवर टेकवली की एकीकडे गोळी, हातात धरली की दुसरीकडे. शिवाय ती मूठ किंचित खुळखुळते. नेमबाजीच्या मैदानावर हे ऐकूही येत नाही. पहाटेच्या गोठलेल्या जंगलात मात्र हरणाला बरोबर ऐकू येतं. त्याने आत फेल्ट चिकटवलं. खुळखुळ थांबली. त्याबरोबर मूठही थांबली.

आणि साफसफाई! या रायफलीचा बोल्ट सहज मागे ओढून काढता येत नाही, म्हणून गज तोंडाकडून घालावा लागतो. तोंडाशी गज घासला की नळीची कड झिजते, कड झिजली की गोळी भरकटते. साफ केली तर नेम बिघडतो, न केली तर तांब्याची पुटं चढून नेम बिघडतो. दुसरा कुणी असता तर देवावर हवाला ठेवून मोकळा झाला असता. याने पितळी गाइड मागवला, दोरीचा ब्रश मागवला, आणि दोन्हींची तुलना करणारा तक्ता केला. इलियनचा जुना रेमिंग्टन कारखाना २०२४ मध्ये बंद झाला तेव्हा त्याच्या घरी सुतक होतं. सुतक फिटायच्या आत त्याने सुट्या भागांचे खोके मागवून ठेवले होते.

आता खरी परीक्षा. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हंगाम उघडायचा आणि त्या दिवशी कित्येक शाळा बंद असायच्या. २०१९पासून तो शनिवारी उघडतो. डोंगरातल्या कॅम्पवर आदल्या रात्री दहा-बारा जण जमतात. डोकं, छाती, पाठ मिळून अडीचशे चौरस इंच झळझळीत नारिंगी कापड अंगावर हवं, असा कायदा आहे. इतरांनी जाकीट घातलं. याने मोजून घातलं.

याच कॅम्पवर त्याच्या बायकोचे काका येतात. त्यांची ७६० त्यांनी तरुणपणी घेतली. दुर्बीण नाही, मुठीवर इन्शुलेशन टेप, चाप कारखान्यातून आला तसा. दरवर्षी ते एक काडतूस झाडतात आणि दुपारी जेवायला हजर असतात. गृहस्थाने एकदा त्यांच्या रिकाम्या रायफलीचा चाप ओढून पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं.

“काका, हा चाप तुम्ही ओढता तरी कसा?”

“मी कुठे ओढतो?” काका म्हणाले. “हरीण समोर आलं की ओढला गेलेला असतो.”

गृहस्थाने वहीत काहीच लिहिलं नाही. यात आकडा नव्हता.

कॅम्पची आणखी एक रीत आहे. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाची मागची पाटी कात्रीने कापून भिंतीवर ठोकायची. आमच्या गृहस्थाच्या बायकोने नोव्हेंबरातल्या शर्ट-खरेदीत किंमत बघायचं सोडून दिलंय, ती फक्त पाटीची लांबी बघते. भिंतीवर त्याच्या फ्लॅनेलची एक रांगच लागली आहे आणि प्रत्येक तुकड्यावर त्याच्याच सुवाच्य अक्षरात तारीख आणि कारण आहे. चाप जड. मूठ खुळखुळली. दुर्बिणीच्या बैठकीचा स्क्रू ढिला. नळी गरम. नळी थंड. समोर शिंगवाला नर उभा राहिला की छातीचे ठोके कानात ऐकू येतात, हात लटपटतो, दुर्बिणीतलं जंगल नाचायला लागतं. त्या तापाला तिथे ‘बक फीवर’ म्हणतात आणि तो काकांनाही येत असे. पण त्याला कुठली स्प्रिंग बसवावी हे कुठल्याच कॅटलॉगात नसल्यामुळे भिंतीवर त्याची नोंद नाही.

मग परवाच्या शरदात आक्रीत घडलं. मैदानावर वाळूच्या पिशवीवरून त्याने तीन गोळ्या झाडल्या, कागद आणला, आणि पंचवीस सेंटच्या एका नाण्याखाली तिन्ही भोकं झाकली गेली. एक इंच! शेजारच्या बाकावरचे लोक उठून अभिनंदन करायला आले. याचा चेहरा मात्र पडला. रायफल सरळ झाली. आता यापुढे चुकलं तर भिंतीवर लिहायचं काय? त्या आठवड्यात तो तळघरात गेला नाही. जेवणाच्या टेबलावर गप्प बसायला लागला. बायकोने डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरकडे जायची वेळ आली नाही. काडतुसांचा रिकामा खोका टाकता टाकता त्याला दिसलं की ते तिन्ही बार त्या बॅचमधले शेवटचे होते. दुकानात आता पुढची बॅच आली होती. तेच वजन, तोच रंग, पण आकडा वेगळा. त्याच्या जिवात जीव आला. त्या रात्री तो पोटभर जेवला.

हंगामाच्या पहिल्या सकाळी पन्नास यार्डांवरून नर निघून गेला. संध्याकाळी कॅम्पवर कात्री निघाली. गृहस्थाने आपणहून पाठ फिरवली, शर्टाची पाटी दोन्ही हातांनी ताणून धरली आणि कात्रीवाल्याला बजावलं, “पट्टी लावून काप. मागच्या वर्षीचा तुकडा पाव इंच तिरका गेलाय.”