रानटी अस्वलांसाठी नम्र सूचना

साहसपटांनी अस्वलावर केलेल्या संस्कारांना तोड नाही. झां-झाक आनो यांच्या १९८८च्या 'द बेअर'मध्ये गोळी खाल्लेले अस्वल निःशस्त्र शिकाऱ्याला कोंडीत गाठते, डरकाळी फोडते आणि जीवदान देऊन निघून जाते. एवढी क्षमावृत्ती भाऊबंदकीच्या दाव्यातही दिसत नाही.

हे अस्वल म्हणजे बार्ट. जन्म १९७७, बाल्टिमोरचे प्राणिसंग्रहालय. शिक्षण यूटामध्ये, प्रशिक्षक डग सूस यांच्याकडे. सिनेमाची गोष्ट कॅनडातली, चित्रीकरण बरेचसे डोलोमाइट पर्वतांत. अस्सल रानटीपणाला एवढी पूर्वतयारी लागतेच. १९९७च्या 'द एज'मध्ये हाच बार्ट अँथनी हॉपकिन्स यांच्या जिवावर उठला आणि पुढच्याच वर्षी ऑस्करच्या मंचावर पाहुणा म्हणून आला.

ही शिस्त सर्व अस्वलांत यावी, म्हणून काही सूचना. हल्ल्यापूर्वी समोरचा माणूस नायक की खलनायकाचा साथीदार, याची खातरजमा करावी. नायकाचे डोळे पाणावल्यास पंजा तत्काळ मागे घ्यावा. अनाथ पिलांनी मध्यंतरापूर्वी माणसाच्या मांडीवर बसावे. भूक ही सबब ग्राह्य धरली जाणार नाही.

अलास्कातल्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात टिमथी ट्रेडवेल यांनी तेरा उन्हाळे अस्वलांना नावे देऊन मैत्री केली. ऑक्टोबर २००३मध्ये एका अस्वलाने त्यांना आणि त्यांच्या मैत्रिणीला ठार केले. त्या अस्वलाने 'द बेअर' पाहिला नसावा. रक्षकांनी तिथे दोन अस्वलांना गोळ्या घातल्या. जीवदानाचा प्रसंग लिहायला त्या दिवशी पटकथालेखक हजर नव्हता.